जुनी मॉडेल रेल्वे ऑनलाइन घेताना: फुगवलेल्या किमती आणि चुकीच्या वर्णनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेली मॉडेल रेल्वे ऑनलाइन घेताना पुष्कळदा दुहेरी नुकसान होते. पैसे जास्त जातात आणि हाती येणारी वस्तू जाहिरातीत लिहिल्यासारखी नसते. अनुभवी संग्राहक यातून निभावून जातात, खरा फटका बसतो तो नव्याने छंदाकडे वळणाऱ्यांना. घरात आणलेले पहिलेच इंजिन रुळावर हलले नाही म्हणून एखाद्या मुलाचा उत्साह कायमचा मावळावा, हे मला फार लागते. म्हणून ही उत्तरे हातचे काही न राखता लिहिली आहेत.

जाहिरातीतली किंमत फुगवलेली आहे हे कसे ओळखायचे?

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. कोणीतरी खरोखर पैसे मोजले, तेव्हाच भाव ठरतो. ईबेसारख्या ठिकाणी फक्त ‘विकल्या गेलेल्या’ वस्तू दाखवणारी चाळणी असते. शोधाची सुरुवात तिथूनच करा. ‘मुदत संपलेल्या’ जाहिरातींची यादी वेगळी असते आणि तिच्यात न विकलेला मालही असतो, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका. ज्या व्यवहारात विक्रेत्याने खरेदीदाराचा देकार स्वीकारलेला असतो, तिथे खोडलेली किंमत दिसते. प्रत्यक्ष सौदा त्याहून कमीत झालेला असतो.

एकाच विक्रीवरून निष्कर्ष काढू नका. दोन हट्टी बोलीदार भिडले की साधा डबाही भलत्या किमतीला जातो. आठ-दहा विक्री पाहा, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडून द्या आणि तुलना सारख्याशीच करा. खोक्यासह असलेले चालू इंजिन आणि खोक्याविना बंद पडलेले इंजिन या बाजारात दोन वेगळ्या वस्तू आहेत. टपालखर्च नेहमी किमतीत मिळवून बघा. वस्तू स्वस्त दाखवून पार्सलचे दुप्पट घेणारे कमी नाहीत. खेळण्यांचे खास लिलाव करणाऱ्या संस्था आपले निकाल जाहीर करतात, तेही उपयोगी पडतात. फक्त त्या आकड्यावर खरेदीदाराकडून वेगळे कमिशन घेतले जाते हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट पुष्कळांकडून राहून जाते. तेच इंजिन कंपनीने नव्या साच्यातून पुन्हा काढले आहे का, हे बघा. नवी आवृत्ती अधिक रेखीव आणि चालायला चांगली असेल, तर जुनीची किंमत उतरते, पण जाहिराती मात्र जुन्याच भावाने वर्षानुवर्षे लटकत राहतात.

विक्रेते इतके पैसे मागतात तरी का? सगळेच लबाड असतात का?

नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मागे राहिलेला संग्रह विकणाऱ्याला या विषयातले काही ठाऊक नसते. तो तशीच वस्तू शोधतो, सर्वांत महाग जाहिरात बघतो आणि तोच आकडा लावतो. पुढचा विक्रेता याची जाहिरात बघतो. अशा रीतीने न विकली गेलेली किंमतच ‘बाजारभाव’ म्हणून फिरत राहते. काही व्यापारी मात्र ठरवून चढे भाव लावतात आणि वर्षातून एखादा अनभिज्ञ गिऱ्हाईक मिळण्याची वाट बघतात. हा दुसरा प्रकार मला अजिबात मान्य नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक बहुधा कोणाला तरी भेट द्यायला निघालेले असते.

‘दुर्मिळ’ लिहिले असेल तर विश्वास ठेवावा का?

त्या शब्दाला किंमत देऊ नका. ठळक उदाहरण ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचे. खरे इंजिन १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यात बांधले गेले आणि जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इंजिनांपैकी ते एक आहे. नेमके म्हणूनच त्याची मॉडेल्स अफाट संख्येने निघाली. हॉर्नबी ही ब्रिटिश मॉडेल कंपनी आणि तिच्या आधीच्या ट्राय-अँग हॉर्नबी या नावाखाली १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते सतत कुठल्या ना कुठल्या रूपात विक्रीला आहे. तरी ‘दुर्मिळ फ्लाइंग स्कॉट्समन’ अशा जाहिराती रोज दिसतात. कुठल्याही दिवशी त्याच नावाच्या डझनभर जाहिराती सापडत असतील, तर ती वस्तू दुर्मिळ नाही.

उलट, खरोखर कमी निघालेली वस्तू महाग असेलच असेही नाही. एखाद्या मालगाडीच्या वॅगनचा विचित्र रंग थोडेच दिवस निघाला, पण तो कोणालाच नको असेल, तर ती पडूनच राहणार.

‘१९२३ चे मूळ इंजिन’ अशी जाहिरात दिसली. एवढे जुने मॉडेल असू शकते?

खरे इंजिन बांधल्याचे वर्ष खोक्यावर छापलेले असते आणि विक्रेता तेच मॉडेलचे वर्ष समजतो. ही चूक इतकी सर्रास होते की वर्ष वाचले की आधी शंकाच घ्यावी. मॉडेलचे खरे वय ठरवायला मॉडेलच मदत करते.

ब्रिटिश मॉडेलवर ‘ब्रिटिश रेल्वेज’ हे नाव किंवा तिचा पाच आकडी क्रमांक असेल, तर ते १९४८ च्या राष्ट्रीयीकरणाआधीचे असू शकत नाही. फ्लाइंग स्कॉट्समनच्या मॉडेलवर ४४७२ असेल तर ते जुन्या एलएनईआर या रेल्वे कंपनीच्या रूपातले आणि ६०१०३ असेल तर राष्ट्रीयीकरणानंतरच्या रूपातले. पण यावरून मॉडेलचे वय कळत नाही, कारण आजही दोन्ही रूपे बनतात. ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ हे जोडनाव १९६५ पासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच होते. १९७२ पासून ‘हॉर्नबी रेल्वेज’ आले. हॉर्नबीचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चीनला जाऊ लागले, म्हणून तळाशी ‘मेड इन चायना’ असलेले हॉर्नबी इंजिन ‘सत्तरच्या दशकातले’ म्हणून विकले जात असेल, तर ते वर्णन चुकीचे आहे. जर्मन मालावर ‘यूएस झोन जर्मनी’ असेल तर महायुद्धानंतरची पहिली काही वर्षे, ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० च्या दरम्यानचा काळ.

खोकेही बोलते. दुकानात बारकोड वाचायला सुरुवात झाली ती १९७४ साली, तेव्हा बारकोड असलेले खोके साठच्या दशकातले नव्हे. ‘सीई’ ही युरोपीय मानकांची खूण १९९० च्या दशकापासूनची आणि काट मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह २००५ च्या सुमारापासूनचे. विक्रेत्याकडून तळाचा आणि खोक्याच्या दोन्ही टोकांचा फोटो मागवला की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

‘हॉर्नबी गेज’, ‘ओओ/एचओ’, ‘टीटी’ यांत नेहमी गोंधळ होतो. माझ्या रुळावर बसेल की नाही कसे समजेल?

आधी गेज आणि स्केल वेगळे करा. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान. ‘हॉर्नबी गेज’ असे काही नसते. हॉर्नबीने गेल्या शतकभरात ओ, ओओ, टीटी अशा निरनिराळ्या मापांत माल काढला आहे.

रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असेल तर गाडी ओओ किंवा एचओ. ओओचे प्रमाण १:७६.२, एचओचे १:८७. दोन्ही त्याच रुळावर चालतात, पण शेजारी उभे केले की एचओ लहान दिसते. म्हणून इथे केवळ गेज विचारून भागत नाही, लांबी विचारावी लागते. नेहमीच्या लांब ब्रिटिश ‘मार्क १’ प्रवासी डब्याची बफर सोडून लांबी ६४ फूट ६ इंच. ओओमध्ये तो २५८ मिलिमीटर व्हायला हवा. एचओमध्ये तोच साधारण २२६ मिलिमीटर भरेल. विक्रेत्याला फक्त पट्टी ठेवून एक फोटो काढायला सांगा.

एन गेजचे अंतर ९ मिलिमीटर, पण ब्रिटिश एन १:१४८, युरोपीय आणि अमेरिकी १:१६०, जपानी बहुतेक १:१५०. टीटीची गुंतागुंत सर्वांत जास्त. १९५७ साली आलेले ट्राय-अँगचे टीटी साधारण १:१०१.६ प्रमाणातले होते आणि हॉर्नबीने २०२२ मध्ये आणलेले टीटी १:१२० आहे. दोन्हींचे रूळ १२ मिलिमीटरचे. जुने डबे नव्या इंजिनामागे जोडले की इंजिनच बुटके दिसते. तरी ‘टीटी, सर्वांना चालेल’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते. झेडचे अंतर ६.५ मिलिमीटर आणि ओचे ३२.

मार्क्लिनचे एचओ इंजिन स्वस्तात मिळतेय. माझ्या एचओ रुळावर चालेल का?

बहुधा नाही, आणि हे जाहिरातीत क्वचितच लिहिलेले असते. मार्क्लिन या जर्मन कंपनीची एचओ पद्धत तीन वाहकांची आहे. इंजिनाखाली एक लांब सरकपट्टी असते आणि ती रुळांच्या मधोमध असलेल्या टोकांवरून वीज घेते. दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विलग केलेली नसतात. असे इंजिन साध्या दोन रुळांच्या मांडणीवर ठेवले की सरळ शॉर्ट सर्किट होते. पोटाखालचा फोटो मागा. लांब पट्टी दिसली तर तुमच्याकडे मार्क्लिनची मांडणी असेल तरच घ्या. मार्क्लिनच्याच ट्रिक्स या नावाखालचे एचओ इंजिन मात्र दोन रुळांसाठी असते.

हीच काळजी जुन्या हॉर्नबी डब्लोच्या बाबतीत घ्या. १९३८ साली ती मालिका तीन रुळांची म्हणून सुरू झाली आणि दोन रुळांची आवृत्ती १९५९ साली आली. ‘हॉर्नबी डब्लो, सुस्थितीत’ एवढ्यावरून ती कोणती हे कळत नाही.

‘डीसीसी रेडी’ म्हणजे डिजिटल इंजिन ना?

नव्हे. डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश देण्याची पद्धत, आणि ते आदेश वाचणारा इंजिनातला छोटा भाग म्हणजे डीकोडर. ‘रेडी’ म्हणजे तो बसवायला आत सॉकेट आहे, एवढेच. डीकोडर तुम्हाला वेगळा घ्यावा लागेल आणि तो ६, ८, २१ पिनांचा की नेक्स्ट१८ हे आधी बघावे लागेल. डीकोडर आधीच बसवलेला असेल तर ‘डीसीसी फिटेड’ म्हणतात. आवाजासह असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे. सॉकेटच नसलेल्या जुन्या इंजिनांनाही ‘डीसीसी रेडी’ म्हणून खपवले जाते. त्यात तारा कापून, डाग देऊन डीकोडर बसवावा लागतो, आणि मोटारीचा एक टोक चॅसिसला जोडलेला असेल तर तो आधी विलग करावा लागतो.

‘तपासलेले नाही’ याचा अर्थ काय घ्यावा?

बंद आहे असे समजा आणि तेवढेच पैसे द्या. साधा कंट्रोलर आणि रुळाचा एक तुकडा असला की इंजिन तपासता येते. शेकडो मॉडेल्स विकणारा व्यापारी ‘तपासायला साधन नाही’ म्हणतो, तेव्हा त्याने ते तपासले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

‘९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहिले’ यावरूनही फार काही कळत नाही. इंजिन उलटे धरून चाकांना बॅटरी लावली की मोटार फिरते हे सिद्ध होते. पण स्वतःच्या वजनानिशी ते रुळावरून वीज घेते का, कमी वेगात अडखळते का, दोन्ही दिशांना जाते का, सांध्यावर थांबते का, हे काहीच कळत नाही. जुन्या मोटारींचे चुंबक वर्षांनुवर्षे क्षीण होत जाते. अशी मोटार बॅटरीवर गरगरते, पण चार डबे ओढताना तापते आणि मंदावते. व्हिडिओ मागा. त्यात इंजिन रुळावर, सावकाश, पुढे आणि मागे जाताना दिसायला हवे. देणारे विक्रेते आनंदाने देतात.

झिंक पेस्ट (pest), म्हणजे जस्ताला लागणारी ‘कीड’, काय असते आणि लोक तिला एवढे का घाबरतात?

घाबरतात, कारण तिच्यावर इलाज नाही. इंजिनांची चॅसिस, वजने, कधी चाकेही जस्ताच्या मिश्रधातूतून ओतून बनवली जातात. त्यात शिशाचा थोडासा अंशही मिसळला गेला, तर पुढे धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो. ओतीव भाग फुगतो, वाकतो, त्यावर केसासारख्या चिरा पडतात आणि शेवटी हातात चुरा येतो. दमट हवेत हे वेगाने घडते. अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली अतिशुद्ध जस्तावर आधारलेले झामाक मिश्रधातू आणले ते याच दोषावर मात करण्यासाठी. तरी शुद्धतेची काळजी जिथे घेतली गेली नाही तिथे हा रोग पुढेही दिसला. युद्धपूर्व मालात तो पुष्कळ आहे, पण चीनमध्ये बनलेल्या काही अलीकडच्या मॉडेल्सनाही तो लागलेला आहे. म्हणजे ‘नवे आहे, खोके उघडलेलेही नाही’ ही काही हमी नव्हे.

फोटोत काय बघायचे? पायपट्टी, म्हणजे चाकांवरून इंजिनाच्या लांबीभर जाणारी पट्टी, सरळ आहे की मध्ये वाकून धनुष्यासारखी झाली आहे. वरचे कवच आणि चॅसिस यांच्यात एका टोकाला फट आहे का. चॅसिसच्या टोकांना बारीक चिरा किंवा उडालेला रंग. ‘किरकोळ वाकलेले, सहज सरळ होईल’ असे वाक्य वाचले तर पुढे जा. तो धातू सरळ होत नाही, तुटतो.

आणखी कोणते दोष फोटोत दिसत नाहीत?

मेनलाइन आणि बाकमन या कंपन्यांची सुरुवातीची काही इंजिने ‘स्प्लिट चॅसिस’ची, म्हणजे दोन अर्ध्या भागांच्या चॅसिसची आहेत. त्यांत आसांवरची प्लॅस्टिकची नळी तडकते आणि दोन्ही बाजूंच्या चाकांचा मेळ सुटतो. अमेरिकी एचओमध्ये लाइफ-लाइकच्या प्रोटो २००० मालिकेतल्या काही डिझेल इंजिनांचे आसांवरचे गिअर तडकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. इंजिन ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज करत उसळते. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती अवघड नाही, पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. रबरी टायर वाळून गळालेले असणे ही किरकोळ बाब आहे.

मूळ खोके असल्यावर जास्त द्यावे का?

संग्राहक असाल तर द्या, गाडी चालवणार असाल तर नको. खोक्याच्या टोकावरचा क्रमांक आणि आतली वस्तू एकच आहे याची मात्र खात्री करा. चांगल्या खोक्यात त्याच कंपनीचे पण वेगळेच, स्वस्तातले इंजिन ठेवलेले असण्याचा प्रकार नेहमीचा आहे. हॉर्नबी डब्लोसारख्या मालिकांसाठी हुबेहूब नवी खोकीही छापून मिळतात. ती वापरण्यात गैर काही नाही, मूळ म्हणून विकण्यात आहे.

मर्यादित आवृत्तीचे प्रमाणपत्र?

प्रमाणपत्रावर एकूण किती नग निघाले हे छापलेले असते. तो आकडा आधी वाचा. काही हजारांची आवृत्ती आणि तितके खरेदीदार नाहीत, तर किंमत वाढायला कारणच नाही.

फोटो बघताना तुम्ही स्वतः काय शोधता?

पहिली गोष्ट, फोटो त्याच वस्तूचा आहे का. कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटो लावून जुना माल विकणाऱ्याकडून मी घेत नाही. मग बफर, कपलिंग, हातदांड्या, ब्रेकच्या काड्या मोजतो. ‘किरकोळ भाग नाहीत’ म्हणतात त्यात कधी चाकांच्या जोडगाड्याची (बोगीची) अख्खी बाजूची चौकट गेलेली असते. खिडक्यांवर पांढुरका धुरकटपणा दिसला तर तिथे सुपरग्लू वापरला आहे. एक बाजू फिकी आणि दुसरी गडद, म्हणजे वर्षानुवर्षे उन्हात कपाटात होते. क्रमांकाभोवती चकचकीत चौकट दिसली तर क्रमांक बदललेला आहे. चांगले रंगवलेले, हाताने जुनाट केलेले मॉडेल सुंदर असू शकते, पण विक्रेत्याने ते सांगितले पाहिजे.

धूसर, लांबून काढलेले दोनच फोटो असतील तर आणखी मागा. उत्तर आले नाही तर सोडून द्या. तशी दुसरी वस्तू येतेच.

मिश्र ढीग एकदम घेणे परवडते का?

कधी कधी फार चांगले परवडते, पण वरच्या फोटोतल्या एका सुंदर इंजिनाला भुलू नका. ढिगातल्या ओळखता येतील तेवढ्याच वस्तूंची किंमत लावा आणि उरलेल्यांची शून्य धरा. पोलादी रूळ असतील तर तेही शून्यातच. ते गंजतात आणि वीज नीट वाहत नाही. निकेल-सिल्व्हरचे रूळ किंचित पिवळसर झळाळीचे असतात आणि चुंबकाला चिकटत नाहीत.

जुना कंट्रोलर किंवा ट्रान्सफॉर्मर सोबत येतोय. वापरावा का?

घरच्या विजेला जोडायचा जुना ट्रान्सफॉर्मर जाणकाराने तपासल्याशिवाय कधीही लावू नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वायरींवरचे रबर भुसभुशीत होऊन गळते. ‘चालू आहे’ म्हणजे सुरक्षित आहे असे नव्हे. मुलांसाठी घेत असाल तर कंट्रोलर नवाच घ्या.

जाहिरातीत उघड चूक दिसली तर विक्रेत्याला सांगावे का?

हो, एकदा, नम्रपणे आणि पुराव्यासह. ‘तळाशी मेड इन चायना दिसते आहे, त्यामुळे हे १९६० चे नसावे’ एवढे पुरे. पुष्कळ जण आभार मानून दुरुस्त करतात. किमतीवरून मात्र वाद घालू नका. महाग मागणे ही लबाडी नाही, खोटे वर्णन ही आहे. वर्णन चुकीचे असल्याचे सांगूनही बदलले नाही, तर ती जाहिरात कळवण्याची सोय वापरा.

पार्सल उघडले आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. आता काय?

दुरुस्तीला हात लावू नका. कवचही उघडू नका, नाहीतर बिघाड तुम्हीच केला असे म्हणायला जागा मिळते. जशी आली तशी, खोक्यासकट आणि पॅकिंगसकट फोटो काढा. जाहिरातीचा मजकूर आणि फोटो लगेच साठवून घ्या. मग विक्रेत्याला त्या व्यासपीठाच्या संदेशपेटीतूनच लिहा: जाहिरातीत काय लिहिले होते, आले काय, आणि तुम्हाला काय हवे. तक्रारीला मुदत असते. ईबेच्या खरेदीदार-संरक्षणात ती साधारणपणे वस्तू पोहोचल्यापासून ३० दिवसांची असते, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या भरवशावर ती जाऊ देऊ नका. ‘परत घेतले जाणार नाही’ ही ओळ वस्तू वर्णनाप्रमाणे असेल तरच लागू पडते, चुकीच्या वर्णनाला तिचे संरक्षण नाही.

हे सगळे तुम्ही व्यासपीठातूनच पैसे भरले असतील तर. मित्राला पाठवतो तसे थेट पैसे पाठवायला सांगणाऱ्याकडून, किंमत कितीही कमी असली तरी, घेऊ नका. पेपालच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ पद्धतीला खरेदीचे संरक्षणच नसते.

माझ्याकडे घरातला जुना संग्रह आहे. प्रामाणिकपणे कसा विकू?

कंपनीचे नाव, खोक्यावरचा आणि वस्तूवरचा क्रमांक, रुळांमधले अंतर, इंजिनाची लांबी, आणि चालते का, एवढे लिहा. चालते म्हणजे कशावर आणि किती वेळ चालवले तेही. जे माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ लिहा. तळ, दोन्ही बाजू, दोन्ही टोके आणि प्रत्येक तूट यांचा उजेडात काढलेला फोटो द्या. किंमत विकल्या गेलेल्या वस्तूंवरून ठरवा. पाठवताना इंजिन मऊ कागदात गुंडाळून खोक्यात हलणार नाही असे बसवा आणि ते खोके दुसऱ्या, मोठ्या खोक्यात ठेवा. जड इंजिन एकाच खोक्यात सुटे असेल, तर एका आपटण्यात बफर आणि पायऱ्या मोडतात.